नागपुरात १९७० साली सहा चर्च एक झाली. आता आणखी विलीनीकरण हवंय का?

शरणपूरकर
दर जानेवारीत १८ ते २५ तारखांना ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह असतो. एक संध्याकाळ कॅथलिकांकडे, एक आमच्याकडे, मग चहा-बिस्किटं. यंदाही कुणीतरी उठून म्हणालंच, "सगळ्या चर्चांनी आता एक व्हावं." माझं मत: अजिबात नको.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथोडिस्ट मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं. बोलणी १९२९ पासून चालली होती. आणि हाती काय आलं? गुजरातेतल्या ब्रदरन मंडळींच्या मालमत्तेचा वाद सुप्रीम कोर्टात गेला. २०१३ मध्ये निकाल लागला: नुसत्या ठरावाने जुन्या ट्रस्टची मालमत्ता सीएनआयकडे जात नाही. कामं एकत्र करा, कारभार ज्याचा त्याच्याकडे राहू द्या.

जालन्याचा_नातू
भांडण जमिनीचं, आणि खापर ऐक्यावर? जी चर्च विलीन झाली नाहीत त्यांच्यात कोर्टकचेऱ्या नाहीत का?

मुळात आपले पंथ आपण निवडलेच कधी? मिशनांनी मुलूख वाटून घेतला. नागपूर-जालना स्कॉटिश, नगर-सोलापूर अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियन, तुमचं नाशिक इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचं (सीएमएस). पणजोबा कुठल्या तालुक्यात राहत होते, त्यावर आपली उपासना ठरली. १८४३ ला चर्च फुटलं स्कॉटलंडमध्ये, आणि इमारत सोडावी लागली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांना! ही परक्यांची भाऊबंदकी आपण का जपायची?

नागपूरला जे जमलं तेही बघा. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला, दोन्ही एकाच चर्चमध्ये चालतात. याच मुद्द्यावर युरोपात लोकांना बुडवून मारलं होतं.

मेथोडिस्ट_मावशी
अमेरिकन परंपरेचे आम्ही मेथोडिस्ट १९७० ला ऐनवेळी बाहेर राहिलो, त्याचे टोमणे अजून ऐकते. काय बिघडलं आमचं? १९८१ पासून स्वायत्त आहोत. सीएनआयचे पाळक आमच्याकडे उपदेश करतात, प्रभुभोजन देतात. एवढं असताना घटना आणि शिक्के एक करायचा अट्टहास कशाला? शरणपूरकरांशी सहमत.

वसईची_सून
माफ करा, पण ही सगळी प्रॉटेस्टंटांच्या घरातली चर्चा आहे. मी कॅथलिक, नवरा सीएनआयचा. त्याचा बाप्तिस्मा आमच्या धर्मगुरूंनी विनातक्रार मान्य केला, लग्नाला बिशपांची परवानगीही मिळाली. पण मिस्सात, म्हणजे आमच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसादाची भाकर वाटतात त्या वेळी तो बाकावरच बसून राहतो. विश्वासाने नीतिमान ठरण्याबद्दल, ज्यावरून १६ व्या शतकात युरोप फाटला, त्यावर लुथरन आणि कॅथलिकांनी १९९९ मध्ये संयुक्त जाहीरनामा काढला. तरी भाकर वेगळीच. आणि मला वाटतं, मतभेद खरा आहे तोवर ती वेगळी राहण्यातच प्रामाणिकपणा आहे. रीतसर एकी झाल्याचं नाटक नको.

जालन्याचा_नातू
@वसईची_सून ताई, तुम्ही हे शांतपणे लिहिलंत, पण दर रविवारी नवऱ्याला बाकावर बसवणारा नियम मला तरी शांतपणे वाचवत नाही.

शरणपूरकर
शांततेसाठी एकच संस्था लागते असंही नाही. १९७२ मध्ये सुदानमधलं पहिलं यादवी युद्ध थांबवणारा अदिस अबाबा करार झाला. मध्यस्थी जागतिक चर्च परिषद आणि अखिल आफ्रिका चर्च परिषदेची. वेगवेगळ्या चर्चांच्या परिषदा त्या, कुणी कुणात विलीन झालं नव्हतं.

जालन्याचा_नातू
आणि १९८३ ला पुन्हा युद्ध पेटलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस, कँटरबरीचे आर्चबिशप आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे मॉडरेटर एकत्र दक्षिण सुदानच्या राजधानीत, जुबाला गेले. फोटो छान आले.

शरणपूरकर
अकरा वर्षं माणसं मेली नाहीत, ते तुमच्या हिशेबात शून्य का? करार सरकारने मोडला, चर्चांनी नाही.

वेशीबाहेरचा
सगळं वाचलं. दलित ख्रिस्ती आहे, म्हणून दुसरीकडून विचारतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने आम्हाला अनुसूचित जातींतून वगळलं. शीख १९५६ ला आत आले, बौद्ध १९९० ला, आम्ही अजून बाहेर. त्या आदेशाच्या निषेधात १० ऑगस्टला कॅथलिक बिशप परिषद आणि नागपूरची एनसीसीआय (प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चांची राष्ट्रीय परिषद) मिळून काळा दिवस पाळतात. हे सहकार्य मला कामाचं वाटतं. पण त्याच चर्चांमध्ये, अगदी विलीन झालेल्यांमध्येही, सोयरीक जुळवताना आधी जात विचारतात. विलीनीकरणाच्या विधीत बिशपांचे हात एकमेकांच्या डोक्यावर ठेवून झाले, पंगतीचं काय?

मेथोडिस्ट_मावशी
याला उत्तर नाही माझ्याकडे. आमच्याकडेही विचारतात.

जालन्याचा_नातू
म्हणूनच एक चर्च हवं ना! आज पाळकाने जात पाहिली तर तक्रार कुठे करायची? मंडळी बदलली की तो दुसऱ्या पंथात नव्याने पाळक. एकच शिस्त असेल तर पळवाट उरणार नाही.

वेशीबाहेरचा
आणि त्या शिस्तीच्या समितीवर कोण बसणार, दादा?

शरणपूरकर
@जालन्याचा_नातू हेच. बिशपाविरुद्धची तक्रार त्याच बिशपाच्या टेबलावर जाणार असेल, तर बाहेर पडून दुसऱ्या चर्चमध्ये जायची सोय मला सोडायची नाहीये.