मदत हवी आहे : ब्रुसेला लसीचं वय हुकलेल्या कालवडींचं काय करायचं?

मंडळी, करवीर-कागल भागातल्या दूध संस्थांसाठी विचारतोय. राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात (2019 पासून) लाळ्या-खुरकूतची लस दर सहा महिन्यांनी असते, त्यामुळे एक फेरी चुकली तरी पुढची गाठता येते. ब्रुसेलाची (जनावरांचा गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग) एस-19 लस मात्र फक्त मादी वासरांना, 4 ते 8 महिन्यांतच, आयुष्यात एकदा, 2 मिली कातडीखाली. शिबिराच्या दिवशी साडेतीन महिन्यांची असलेली रेडी पुढच्या फेरीपर्यंत नऊची होते आणि सुटते ती सुटतेच. लस जिवंत जंतूंची. गाभण जनावराला टोचली तर गाभ पडू शकतो, आणि मोठेपणी टोचली की रोझ बंगाल चाचणी (ब्रुसेलासाठीची रक्ताची तपासणी) पुढं बराच काळ खोटी पॉझिटिव्ह दाखवते.

आता प्रश्न. बाजारातून आणलेल्या 14 महिन्यांच्या कालवडीच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे, पण भारत पशुधनवर (जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींवर) लसीची नोंदच नाही. रोझ बंगाल पॉझिटिव्ह आली. लस टोचून नोंद करायची राहिली, की खरंच लागण? पुण्याच्या रोग अन्वेषण विभागाकडं रक्तजल (सीरम) कसं पाठवता, बर्फात घालून थेट की तालुक्याच्या दवाखान्यामार्फत? दुसरा नमुना किती दिवसांनी घेता? तोवर ती वेगळी बांधायचीच, तेवढं कळतंय.

शिवाय वासरांच्या जन्मतारखांची वही संस्थेत कुणी ठेवतं का? सचिवानं की कृत्रिम रेतनवाल्यानं?