मुंबई–लंडन विमान: अंतर, खरा वेळ आणि बाबांचं इन्सुलिन (सल्ला हवा)

कृष्णाकाठ: आईबाबा सप्टेंबरात पहिल्यांदाच माझ्या बहिणीकडे लंडनला निघालेत. मुंबई ते हीथ्रो हवाई अंतर साधारण 7,200 किमी दिसतं. ताशी 900 धरले तर आठ तास. पण तिकिटावर रात्री 2 ला निघून सकाळी 7:30 ला पोच, म्हणजे साडेपाचच तास! परतताना सकाळी 9:30 ला निघून रात्री 11 ला मुंबई. बाबांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. प्रवास नक्की किती तासांचा धरू?

सायलेंट_व्हॅली: तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. सप्टेंबरात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. म्हणजे जाताना दहा तास, येताना नऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेपाच तासांचा. परतीचं तिकीट त्यानंतरचं असेल तर हिशेब पुन्हा करा.

कृष्णाकाठ: परतीचं ऑक्टोबरच्या मध्यावर आहे, म्हणजे नऊच. पण अंतर तेच असून जाताना एक तास जास्त का?

गगनगिरी: वाऱ्यामुळे. विमानं उडतात त्या दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. लंडनला जाताना तो समोरून येतो, परतताना पाठीशी असतो. हिवाळ्यात जोर आणखी वाढतो.

शिवाय 7,200 किमी हे पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत जवळचं अंतर. विमान त्याच रेषेवर जाईलच असं नाही. 2022 पासून युक्रेनचं आकाश बंद आहे. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केली, त्यामुळे त्यांना अरबी समुद्रावरून, आखातावरून जावं लागू लागलं. दिल्लीच्या मानाने मुंबईकरांना हा वळसा कमी पडतो. तिकिटाच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रांगणंही धरलेलं असतं, आणि हीथ्रोवर उतरण्याआधी विमानं बऱ्याचदा घिरट्या घालतात. म्हणून किलोमीटर भागिले वेग हे गणित सोडा, तिकिटावरचा एकूण कालावधी बघा.

वैद्यकन्या: कृष्णाकाठ, बाबांसाठी विमानातले दहा तासही पुरेसे नाहीत. घर ते घर मोजा. सांगलीहून मुंबई, सहारला (मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर) तीन तास आधी, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, मग बहिणीचं घर. सहज चोवीस तासांचा दिवस होतो. हे वेळापत्रक लिहून डॉक्टरांना दाखवा आणि कोणता डोस किती वाजता घ्यायचा ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. लंडनचं घड्याळ बघून अंदाजाने डोस पुढे-मागे करू नका.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानात टाकलं तर गोठून निकामी होऊ शकतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, साखर मोजायचं यंत्र, गोळ्या-बिस्किटं. जेवणाचा ट्रे समोर आल्याशिवाय जेवणाआधीचा डोस नको, कारण विमान हलायला लागलं की जेवण लांबतं.

सायलेंट_व्हॅली: व्हीलचेअर आत्ताच सांगून ठेवा, निदान 48 तास आधी. हीथ्रोवर चालणं फार आहे. आणि जागा मधल्या वाटेलगतची घ्या, दर दोन तासांनी उठता येईल.

कृष्णाकाठ: सांगलीचे नाही हो, कराडचे, पण हिशेब तोच! घर ते घर असा विचारच केला नव्हता. सोमवारी डॉक्टरांकडे जातो. ताई, इन्सुलिन पेन वाटेत थंड ठेवायला काय वापरू?

वैद्यकन्या: औषधाच्या दुकानात इन्सुलिनची थंड पिशवी मिळते, ती घ्या. बर्फाला पेन थेट चिकटू देऊ नका. वापरात असलेलं पेन साध्या तापमानाला चालतं, फक्त गाडीत उन्हात नको.