सोसायटीच्या लॉबीत ६ फुटी राक्षस: घरातल्या सामानातून कसा उभा करायचा?

नेरूळ_सेक्टर१९
३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनसाठी सोसायटीतल्या मुलांकडून एक भलामोठा राक्षस करून घ्यायचा आहे, ६ फुटांच्या आसपास. मुलं १२, वयं ४ ते ११. हातात दोन शनिवार-रविवार आहेत. खोकी, रद्दी, जुन्या साड्या, अंड्यांचे ट्रे एवढं गोळा होईल. विकत शक्यतो काही आणायचं नाही. अडतंय ते असं: एवढं उंच धूड कलंडू नये म्हणून काय करायचं? हात लोंबू नयेत म्हणून काय? आणि रंग दिला की पुठ्ठा वाकडा होतो, तो का? सातव्या मजल्यावर करून लिफ्टने खाली आणायचा आहे.

पुठ्ठेकाम
आधी लिफ्टचं दार मोजा, मग खोकं शोधा. सिंगल डोअर फ्रिजचं खोकं साधारण ४ फूट उंच आणि २ फूट रुंद असतं, धडाला तेवढं बास. दिवाळीच्या खरेदीच्या दिवसांत दुकानांतून अशी खोकी सारखी निघतात, सांगून ठेवा.

खोकं उभं करताना पुठ्ठ्याच्या आतली पन्हळ (मधल्या नागमोडी थराच्या नळ्या) उभी आहे ना, हे कापलेल्या कडेला बघून घ्या. आडवी असेल तर डोक्याच्या भाराने धड कमरेत बसतं.

वजन फक्त तळाला. २ लिटरच्या ४ बाटल्या कोरड्या वाळूने भरा आणि आतल्या चार कोपऱ्यांत टेपने आवळा. एकेक बाटली ३ किलोच्या आसपास जाते, म्हणजे तळाला १२ किलो झाले. पाणी भरू नका, एक झाकण सैल निघालं तरी तळ भिजून बसतो. पोटात रद्दी कोंबायचा मोह होईल, तोही टाळा. भार वर सरकतो आणि बाजू फुगतात. त्यापेक्षा २ फुटांवर आतून पुठ्ठ्याचा एक आडवा पडदा बसवा.

हातांसाठी कापडाच्या ठाणाच्या आत असते ती पुठ्ठ्याची नळी आणा. ठाण्यात जांभळी नाक्याकडच्या कापडवाल्यांकडे मागितली तर मिळून जाईल. दोन हातांना दोन नळ्या चिकटवल्या की खांद्याशी फाटतात. एकच ५ फुटी नळी धडाच्या आरपार घाला, सव्वातीन फुटांवर समोरासमोर भोकं पाडून. दोन्ही हात एकमेकांना तोलून धरतात, त्यामुळे लोंबायचा प्रश्नच येत नाही. भोक नळीपेक्षा किंचित लहान कापा आणि कडेला आतून पुठ्ठ्याचं एक जादा कडं चिकटवा. लिफ्टमध्ये नेताना नळी ओढून काढायची, खाली परत घालायची.

डोकं सुटंच ठेवा. बुटाचं खोकं उभं करून अर्धं धडात, अर्धं डोक्यात, झाली मान. चिकटवू नका.

लगदा_आणि_खळ
डोक्यासाठी सफरचंदाचं खोकं घ्या. ऑक्टोबरात सफरचंदाची आवक जोरात असते, वाशीच्या एपीएमसी फळबाजारातच काय, गल्लीतल्या फळवाल्याकडेही ही खोकी पडलेली असतात. आतले खळग्यांचे ट्रेही मागून घ्या, पापण्यांना त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

खळीचं प्रमाण: १०० ग्रॅम मैदा २०० मिली गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ८०० मिली उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि ३-४ मिनिटं ढवळत राहा. पारदर्शक चकाकी आली की गॅस बंद. डोकं आणि सगळे सांधे यात होतात. ऑक्टोबर हीटमध्ये दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, म्हणून रोज लागेल तेवढीच करा. पूर्वी खळीत किडीसाठी मोरचूद घालायचे. तो विषारी असतो, मुलांच्या हातात अजिबात नको. त्याऐवजी शेवटचा थर फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं करून द्या, म्हणजे मुंग्या-झुरळं मैद्याला लागत नाहीत.

रद्दीच्या दीड इंची पट्ट्या हाताने फाडा, कात्रीने नको. फाटलेली कड पातळ होऊन खालच्या कागदात मिसळते, कापलेली कड रंगानंतरही दिसत राहते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. मुलांना ती दिशा आधी शोधू द्या. एकूण ३ थर, दोन थरांमध्ये पंख्याखाली एक पूर्ण रात्र. घाई केली तर वरून खडखडीत आणि आत ओलं राहतं, चार दिवसांत बुरशी. गालाला हात लावा: गार लागला तर अजून ओला आहे.

आता वाकण्याबद्दल. पाण्याने पुठ्ठ्याचा एकच पदर फुगतो, मागचा कोरडा राहतो, सुकताना ओढाताण होते आणि पुठ्ठा वळतो. म्हणून धडाला खळ नकोच, फक्त सांध्यांवर द्या. कान, शिंगं, पंख असे सुटे सपाट तुकडे दोन्ही बाजूंनी रंगवा, पातळ हाताने. आधी पांढऱ्या डिस्टेंपरचा एक हात द्यावाच लागतो, नाहीतर तपकिरी पुठ्ठ्यावर हिरवा पोस्टर कलर शेवाळासारखा मळकट दिसतो. प्लॅस्टिकच्या तपकिरी टेपवर रंग धरत नाही. दर्शनी बाजूला कागदी मास्किंग टेपच लावा.

घोडबंदर_ताई
ताई, १२ मुलं एका खोक्याभोवती बसवू नका. धड, डोकं, हात, शेपूट असे तिघातिघांचे गट करा. ४-६ वर्षांची मुलं पट्ट्या फाडतील, बोळे करतील, स्पंजाने रंग थोपतील. ७-९ ची खळ लावतील. मापं आणि खुणा दहाच्या पुढच्यांनी. कटर फक्त मोठ्यांच्या हातात, आणि कापणं मुलं यायच्या आधीच उरकलेलं बरं.

अंड्यांच्या ३० च्या ट्रेमध्ये खळग्यांच्या मधे उंच सुळके असतात. ते कापले की तयार दात. उरलेला ट्रे पालथा घालून पाठीवर लावा, खवले होतात.

डोळ्यांना दह्याचे पांढरे डबे, आतून बॅटरीवरचे एलईडी, झाकणावर काळं बुबुळ. पापणी म्हणून सफरचंदाच्या ट्रेचा अर्धा खळगा डोळ्याचा वरचा तिसरा हिस्सा झाकेल असा. सगळा चेहरा या पापणीवर आहे. नाकाकडचा कोपरा खाली झुकवला की राक्षस रागावतो, कानाकडचा झुकवला की रडवेला होतो. टेपने लावून दोन्ही करून बघा, चार वर्षांचं पोर घाबरलं तर कोपरा फिरवायचा. फेव्हिकॉल सगळ्यात शेवटी.

टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल वापरणार असाल तर त्यावर स्प्रे पेंट किंवा फेव्हिबॉन्ड नको, थर्माकोल विरघळून खड्डे पडतात.

कोकणी_वेताळ
एक सुचवू का? राक्षस आपल्याकडचाच घ्या. पाण्यातला गिऱ्हा केलात तर जुन्या हिरव्या साडीच्या ४ इंची पट्ट्या अंगभर लोंबत्या लावता येतात, शेवाळ म्हणून, आणि धड रंगवायचं कामच उरत नाही. केसांना नारळाचा काथ्या. पिंपळावरचा मुंजा करायचा तर घेरा आणि सुतळीची शेंडी पुरे, मुलं लगेच ओळखतील. गोव्यात नरकचतुर्दशीला नरकासुराचे मोठमोठे पुतळे करतात, तेही असेच सांगाडा, गवत आणि कागद यांवर उभे असतात. ते पहाटे जाळतात. तुम्ही मात्र जाळू नका, रंग आणि टेपचा धूर वाईट. पणती किंवा मेणबत्ती पण जवळ नको. साडी सिंथेटिक असेल तर क्षणात पेटते.

नेरूळ_सेक्टर१९
सगळ्यांचे मनापासून आभार. गिऱ्हा नक्की! लिफ्टचं दार मोजलं, २ फूट ४ इंच आहे. लॉबी दोन्ही बाजूंनी उघडी, संध्याकाळी खाडीकडून वारा येतो. १२ किलो पुरतील?

पुठ्ठेकाम
दारातून जाईल, पण साडीच्या पट्ट्या खाली गेल्यावरच लावा, लिफ्टच्या दारात अडकतात. वाळूच्या बाटल्याही वेगळ्या न्या आणि खाली बसवा. त्यासाठी मागच्या बाजूला तळाशी एक झडप ठेवा. वाऱ्याचं म्हणाल तर लोंबत्या पट्ट्या वारा धरतात, त्यामुळे नुसत्या वजनावर राहू नका. हाताच्या नळीला मागून नायलॉनची दोरी बांधून ग्रिलला अडकवा. जिन्याच्या तोंडाशी मात्र ठेवू नका, वाट मोकळी हवी. आणि ऑक्टोबरअखेरीस एखादी अवकाळी सर येते, तेव्हा फरशी आणि खोकं यांच्यामध्ये जाड प्लॅस्टिक घाला.