घरात पक्षी असताना नवा पोपट आणलात, तेव्हा काय झालं?

गोरेगावहून, धागा काढणारी

आमच्याकडे बंड्या आहे. कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, वय वर्षं सहा, घराचा मालक. बहिणीची बदली झालीय, म्हणून तिचा ग्रीन चीक कॉन्युअर, हाही परदेशी पोपटच, पुढच्या महिन्यात कायमचा आमच्याकडे येतोय. घर टू बीएचके. माहिती खूप वाचली, आता चुका वाचायच्या आहेत. ज्यांनी घरात आधी पक्षी असताना दुसरा आणला, त्यांनी काय घडलं ते जसंच्या तसं लिहा.

मुलुंडहून

चूकच हवी असेल तर माझी घ्या. तीन बजी, म्हणजे छोटे रंगीत पोपट, होते. बाजारात एक निळी मादी आवडली, खोक्यातून आणली आणि त्याच संध्याकाळी तिघांच्या पिंजऱ्यात सोडली. मुलं टाळ्या वाजवत होती. चौथ्या दिवशी ती पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली. आम्हाला वाटलं, थंडी वाजतेय. बारा दिवसांत ती गेली आणि आमचे दोन जुनेही गेले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, 'वेगळी ठेवली होती का?' त्यांना सिटॅकोसिस या पक्ष्यांच्या संसर्गजन्य आजाराचा संशय होता. हा आजार माणसालाही होतो, त्यामुळे 'घरात कुणाला ताप-खोकला आहे का' हा प्रश्नही लगेच आला. नशिबाने नव्हता.

त्यानंतर नियम म्हणजे नियम. नवा पक्षी ४५ दिवस वेगळ्या खोलीत, दार बंद. सकाळी आधी जुन्यांचं दाणापाणी, मग नव्याचं. उलटं कधीच नाही. वाट्या वेगळ्या, पुसायचं फडकं वेगळं, नव्याकडून आलं की हात धुवून टीशर्ट बदलायचा. नवरा चिडवायचा, ऑपरेशन थिएटर झालंय म्हणून.

आणखी एक. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या आणि रोज सकाळी खाण्याआधी वजन वहीत लिहा. पक्षी आजार लपवतो, वजन लपवता येत नाही. बजी ३०-४० ग्रॅमचा जीव, त्यात तीन ग्रॅम गेले तरी खूप गेले. जाळीखालचा पेपर रोज बदला आणि शी बघा. घाण वाटली तरी बघा.

गिरगावहून

मुलुंडकर ताई, वेगळी खोली चाळीत कुठून आणू? आमची दीड खोली, त्यात सासूबाई आणि दोन लव्हबर्ड. नवा कॉकटील महिनाभरासाठी ठाकुरद्वारला मावशीकडे ठेवला. मावशीच्या घरी दुसरा पक्षी नाही, म्हणून योजना अगदी चोख. महिन्याने आणायला गेलो तर तो मावशीच्या चष्म्याच्या दांडीला लटकून डुलक्या काढत होता. मावशी म्हणाली, 'राहू दे रे अजून आठवडा.' त्याला आता तीन वर्षं झाली. त्यामुळे नव्या-जुन्याची ओळख हा अनुभव माझ्याकडे नाही.

दादरहून

'लव्हबर्ड' या नावावर भुलू नका. आमच्याकडे पीचफेस लव्हबर्ड होता, त्यात बजी आणला. वेगळं ठेवण्याचे दिवस नीट पाळले. मग ओळख व्हावी म्हणून दोन्ही पिंजरे गॅलरीत चिकटून लावले. मध्ये दोन जाळ्या आहेत, काय होणार? मी चहा गाळत होते तेवढ्यात चिरका आवाज आला. बजी जाळीला लटकला होता आणि लव्हबर्डने पलीकडून त्याचं बोट धरलं होतं. नखाच्या वरचं पेर गेलं. पेपरवर रक्ताचे ठिपके, बजी एका पायावर. कापूस दाबून धरला आणि तसंच टॅक्सीने परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठलं. बजी वाचला.

आता दोन पिंजऱ्यांत हातभर अंतर असतं. दोघांना बाहेर सोडायचं तर ज्याच्यावर कुणाचाच हक्क नाही अशा जागी, म्हणजे आमच्याकडे इस्त्रीच्या टेबलावर. जुन्याच्या पिंजऱ्याच्या छतावर नव्याला बसवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. आणि घरटं वाटेल असं काही, खोका, मडकं, कापडी झोपडी, पिंजऱ्यात ठेवू नका. माझ्या लव्हबर्डचा निम्मा तापटपणा त्या मडक्याचा होता.

बोरिवलीहून

थोडं विषयांतर, पण कुणीतरी लिहायलाच हवं. 'नवा पोपट' म्हटलं की आपल्याकडे हिरवा मिठू किंवा पहाडी पोपट डोळ्यांसमोर येतो. हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. पाळता येत नाहीत, विकणारा काहीही सांगो. परदेशी जातींपैकी बजी, कॉकटील आणि पीचफेस लव्हबर्ड सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत नाहीत. कॉन्युअर, आफ्रिकन ग्रे, मकाऊ आहेत आणि २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. गोरेगावकर, बहिणीने ती केलीय का? केली असेल तर आता पक्षी तुमच्याकडे आल्याचंही कळवावं लागेल. पक्षी येण्याआधी विचारून घ्या.

लालबागहून

आमच्या भागात गणपतीत काही नवं आणू नये, पक्षी तर नाहीच. मी आणला. ढोल-ताशे सुरू झाले आणि जुना कॉकटील मध्यरात्री अंधारात पिंजऱ्यात सैरावैरा आपटला. त्याचं बघून नवाही. सकाळी शेपटीची पिसं तळाला पसरलेली. तेव्हापासून रात्री झिरोचा दिवा चालू आणि पिंजऱ्यावरचं कापड एका बाजूने उघडं.

पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी लावा. जुन्या पक्ष्याला पंखा माहीत असतो, नव्याला नसतो. नॉनस्टिक तवा जास्त तापला की निघणारा धूर पक्ष्याला मिनिटांत मारतो, हे मात्र दोघांनाही माहीत नसतं.

विक्रोळीहून

सगळे मैत्रीच्या मागे का? माझ्याकडे कॉकटील आणि सन कॉन्युअर पाच वर्षं आहेत. एक सकाळी बाहेर, दुसरा संध्याकाळी. एकमेकांना आवाजाने ओळखतात, तेवढं पुरे. कॉन्युअरची चोच आणि कॉकटीलचा स्वभाव यांची बरोबरी नाही. खेळताखेळता चावला तरी कॉकटीलचा पाय जातो. बिल्डिंगमधली दोन बिऱ्हाडंही एका चुलीवर रांधत नाहीत.

गोरेगावहून, दोन महिन्यांनी

सगळ्यांचे आभार. नोंदणी होती, बदलाची माहितीही भरली. पाहुणा ४५ दिवस मुलाच्या खोलीत राहिला आणि मुलगा हॉलमध्ये. खरी तक्रार मुलाचीच होती.

काल पहिल्यांदा दोघं डायनिंग टेबलच्या दोन टोकांना. दोन वाट्या, दोन्हींत मेथी आणि भिजवलेले मूग. बंड्याने तुरा मागे चपटा केला आणि फुस्स केलं. कॉन्युअरने मान वाकडी करून बघितलं, स्वतःची मेथी टाकली आणि तरातरा चालत बंड्याच्या वाटीशी. मी हात मध्ये घातला, चावा मला मिळाला. सात मिनिटांत दोघं आपापल्या घरी. आज सकाळी वजन घेतलं: बंड्या ९१ ग्रॅम, कालच्याइतकाच. कॉन्युअर ६८.

बहीण फोनवर रोज विचारते, 'एका पिंजऱ्यात कधी?' तिला विक्रोळीकरांचं उत्तर पाठवलंय.