फर्निचर घेताना पावसाळाही लक्षात घ्या

घरासाठी फर्निचर कुठून घ्यावं असं विचारलं की अनेक जण सांगतात, तुर्भ्याच्या आयकिया या फर्निचरच्या दुकानात एक चक्कर मारा, देखणं आणि परवडणारं दोन्ही मिळेल. ते पटतं. पण सगळी चर्चा रंग, डिझाइन आणि किमतीवरच चालते. कुठूनही घ्या, वस्तू आतून कशाची आहे ते आधी विचारा. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, खाडीची दमट हवा थेट घरात. एका दुकानातून हौसेनं घेतलेलं पार्टिकल बोर्डाचं (लाकडाचा भुसा-तुकडे डिंकाने दाबून केलेल्या फळीचं) टीव्ही युनिट बाल्कनीच्या दाराजवळ ठेवलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात ते खालून फुगलं, कडेची पट्टी सुटली, बिजागरीचे स्क्रू धरेनात. फुगलेला बोर्ड पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. फार वाईट वाटलं.

नंतर सुताराकडून प्लायवूडचं करून घेतलं. प्लायमध्येही फरक असतो: एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) ग्रेड दमटपणा सोसतो, पाणी नाही. ओट्याखाली, बेसिनजवळ किंवा खिडकीला लागून काही करायचं असेल तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे मरीन प्लायच मागा. या मानकाचा शिक्का प्लायच्या शीटवरच असतो, त्यामुळे सनमायका चिकटवण्याआधी स्वतः उभं राहून बघा. एकदा तो चढला की आत काय आहे ते कळत नाही.