आंबा बागेसाठी हंगामी माणसं कुठून आणि कशी ठरवावीत? (रत्नागिरी)

कलमवाली:
नमस्कार. पावसजवळ आमची हापूसची साधारण तीनशे कलमं आहेत. आजवर बाबा पाहायचे, यंदापासून सगळं माझ्याकडे आलंय. दिवाळीनंतर राखणीला आणि मार्चपासून काढणीला माणसं लागतील. वाडीत बऱ्याच घरांत आता फक्त म्हातारी माणसं आहेत. माणसं आणून देतो म्हणणाऱ्या एकाने माणशी उचल मागितली आहे, तीही आधीच. द्यावी का? स्थानिक कोणी मिळेल का? नातेवाईक म्हणतात बाग कराराने देऊन टाक, पण मला ती स्वतः करायची आहे.

बागायतदार_गणेशगुळे:
स्वतः करताय हे फार चांगलं. आमच्या भागात राखण, फवारणी, काढणी ही कामं बऱ्याच अंशी नेपाळी माणसांवर चालतात. दशैं-तिहार (त्यांचा दसरा-दिवाळी) घरी करून ती येतात आणि आंबा संपला की परततात. बहुतेक एकाच गावची, एकमेकांच्या ओळखीने आलेली असतात. त्यामुळे दलालापेक्षा शेजारच्या बागेत चार-पाच वर्षं टिकलेला जुना माणूस गाठा. त्याचा भाऊ, मेहुणा कोणीतरी काम शोधत असतोच.

राखणीला महिना पगार आणि शिधा ठरवा. जोडपं आलं तर बायकोचा पगार वेगळा, तिच्या हातात. काढणीला जास्तीची माणसं रोजावर घ्या. हिशेबाची वही दोन ठेवा, एक त्यांच्याकडे. प्रत्येक उचल दोन्हीकडे लिहायची. ओळखपत्राची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात नोंद करा, पण मूळ कागद स्वतःकडे अडकवून ठेवू नका. काही जण ठेवतात, ते साफ चूक आहे.

आणि खोली आधी बांधा. बागेत पत्र्याच्या खोपीत एप्रिल काढून बघा म्हणजे माणसं का सोडून जातात ते कळेल. पाणी, संडास, दिवा एवढं असेल तर तोच माणूस पुढच्या वर्षी स्वतः फोन करतो.

देवगडचो:
ताई, फोनार पैसे धाडू नकात. तेका आधी बागेत बोलवा, कलमा दाखवा, माणसा समोर उभी करूक सांगा. मगे काय ती उचल.

खाडीपलीकडे:
स्थानिकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'आपली पोरं काम करत नाहीत' हे वाक्य ऐकून वीट आलाय. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. कमावते पुरुष बाहेर, हा त्याचा सरळ अर्थ. मुंबईची वाट जुनीच. सावंतवाडी-बांद्याकडची मुलं गोव्यातल्या हॉटेलांत आणि औषध कंपन्यांत जातात, खेड-चिपळूणची लोट्याच्या एमआयडीसीत.

का जातात? आंबा मेअखेर आटोपतो. मासेमारीच्या यांत्रिक बोटी १ जून ते ३१ जुलै बंद. पुढे भातशेतीचे काही दिवस, मग पुन्हा रिकामं. बारा महिने पगार देणारी नोकरी सोडून पोरगा तुमच्या सहा महिन्यांसाठी का थांबेल? एखादा स्थानिक मुलगा खरंच हवा असेल तर त्याला वर्षाचं काम द्या: पावसाळ्यात खतं, छाटणी, गडग्याची (दगडी कुंपणाची) डागडुजी, जमलं तर थोडा काजू. दोन-तीन बागायतदारांनी मिळून एक माणूस बारमाही ठेवला तर कोणालाच जड जात नाही. राखणीच्या काळात मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी बोटींनाही खलाशी हवे असतात, हे पगार ठरवताना लक्षात असू द्या.

परकर_पोलकं:
बायकांना विसरू नका. वर्गवारी, पेंढा घालून पेटी भरणं ही कामं वाडीतला बचत गट उत्तम करतो. आमच्याकडे एका काकूंचा हात असा आहे की फळ उचलताच ग्रॅमात वजन सांगतात, काट्यावर क्वचितच फरक पडतो. अशा हाताला 'बाईमाणसाचा रोज' म्हणून कमी देऊ नका. सारख्या कामाला सारखाच रोज.

कलमवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. उचल देत नाही, खोलीचं काम गणपतीनंतर लगेच काढते. दोन शंका: काढणी नवख्या माणसांना जमेल का? आणि जोडप्यासोबत शाळेत जाणारं मूल आलं तर?

बागायतदार_गणेशगुळे:
नवख्यांना दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला (आंबा काढायची जाळीची काठी) द्या, देठासकट फळ निघतं. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो, मग फळ खालच्या प्रतीत जातं. काढणी सकाळी लवकर, उन्हं चढायच्या आत. उंच शेंड्यावर मात्र जुनाच माणूस चढवा. फवारणीला मास्क आणि हातमोजे तुम्ही आणून द्यायचे, त्यांच्या पगारातून कापायचे नाहीत.

परकर_पोलकं:
मुलाला जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घेऊन जा. सहा ते चौदा वयाच्या मुलाचा प्रवेश जन्मदाखला नाही म्हणून नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत जा, आईबापांना तिथे बोलायला संकोच वाटतो.