मदत हवी आहे: रेडिओचं बटण दाबलं की ऑटोपायलट एलेरॉनला झटका देतो

नमस्कार मंडळी,

मुक्काम बडोदा. मकरपुरा जीआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये मी आणि माझा भाचा गेली साडेसहा वर्षं दोन आसनांचं विमान बांधतोय. मुंबईच्या अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ला बीकेसीच्या प्रदर्शनात ठेवलं होतं, ते बघून आल्यापासून भाच्याच्या डोक्यात हे शिरलं, आणि त्याच्यामुळे माझ्या. २०२४पासून गावात टाटा-एअरबसचा सी-२९५चा कारखाना आहे, त्यामुळे हल्ली कुणाला 'विमान बांधतो' म्हटलं की लगेच 'टाटांकडे का?' असं विचारतात. नाही हो. शेड नंबर सांगितला तर रिक्षावालाही चुकतो.

भाचा वैमानिक आहे. मी रिफायनरीत बत्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनला होतो. त्यामुळे उडवायचं त्याने आणि वायरी माझ्या, अशी वाटणी आपोआपच झाली. सांगाडा वेल्ड केलेल्या स्टीलच्या नळ्यांचा, त्यावर कापड, पंख डोक्यावर. इंजिन रोटॅक्स ९१२, १०० अश्वशक्तीचं. त्याचं अंगचं जनित्र २५० वॅटचं, म्हणजे जेमतेम १८ अँपिअर, तेव्हा प्रत्येक अँपिअर मोजून वापरतो.

ऑटोपायलट अमेरिकेहून मागवला. घरगुती विमानांसाठीच बनवतात तो, दोन अक्षांचा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नाही अशी माझी जवळजवळ खात्री आहे. पॅनेलवरच्या डब्यात जायरो (कल ओळखणारा), पिटो-स्टॅटिकच्या (हवेच्या दाबावरून वेग आणि उंची कळवणाऱ्या) दोन नळ्या आणि जीपीएसची एक वायर. एक सर्वो (हुकुमाप्रमाणे दांडा हलवणारी मोटर) आसनाखाली एलेरॉनसाठी (पंखाच्या मागच्या कडेची, विमान डावी-उजवीकडे कलवणारी झडप), दुसरा शेपटाकडे एलेव्हेटरसाठी (नाक वर-खाली करणारी झडप).

आता पॅनेलचं रामायण. डब्याला लागतं सव्वादोन इंची भोक, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. लेझर कटिंगवाल्याला ड्रॉइंग दिलं, तो म्हणाला 'थई जशे साहेब' आणि त्याने ५७चं कापलं. डबा आत जाईना. दीड तास अर्धगोल कानस घासली. शेजारचं वेगदर्शकाचं सव्वातीन इंची... चुकलो, तीन आणि एक अष्टमांश इंची भोक मात्र बरोबर निघालं. शिवाय आमचं पॅनेल सात अंश मागे कललेलं, आणि जायरोला विमानाचा अक्ष सरळ हवा, म्हणून मागे पाचरीसारखा ॲल्युमिनियमचा तुकडा बसवला. एवढं सगळं जमलं, म्हणून पुढचं जास्त टोचतंय.

तर दुखणं असं. जमिनीवर ऑटोपायलट चालू करून दांडी मध्यावर धरली की तो छान धरून ठेवतो. डबा हाताने डावीकडे कलवला की एलेरॉन उजवीकडे सावरायला जातं, म्हणजे दिशा बरोबर आहे. पण रेडिओचं बोलायचं बटण दाबलं की एलेरॉन एकदम पाचेक अंश उडी मारतं. बटण सोडलं की परत जागेवर. एलेव्हेटरचा सर्वो मात्र ढिम्म.

तपासून झालेलं: सर्वोचा वेगळा ब्रेकर आहे. पुरवठा १२.६ व्होल्ट. सगळे क्रिंप (तारांचे दाबून बसवलेले जोड) ओढून बघितले. सर्वोच्या तारा शील्डवाल्या (बाहेरून धातूची जाळी असलेल्या) आहेत आणि शील्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ केलंय, दुसरं टोक कापून टेप लावलाय. रिफायनरीत हेच केलं जन्मभर, ४ ते २० मिलिअँपिअरच्या सिग्नलच्या तारांना. अँटेना केबिनच्या छतावर, कापडाखाली हाताएवढ्या पत्र्यावर. अँटेना आणि सर्वो यांच्यात अंतर जेमतेम एक मीटर.

वॉल्व्ह असता तर स्टेम ढिलं म्हटलं असतं किंवा गेन (प्रतिसादाचा जोर) कमी केला असता. गेन कमी करून पाहिला, झटका तेवढाच. कुठे बघू?

* * *

नुसतंच_बघतोय:
काका, दोन सीटच्या विमानाला ऑटोपायलट कशाला? भाचा आहे ना!

धागाकर्ता:
हिवाळ्यात सकाळी मही नदीच्या पट्ट्यात धुरकं बसतं. अशा वेळी नकाशा बघायला मान खाली घातली आणि क्षितिज हरवलं, तर पंख सरळ ठेवणारं कुणीतरी लागतं. तसा प्रकार जुनाच आहे. १९१४ साली पॅरिसला सीन नदीवर ऑटोपायलट दाखवायला लॉरेन्स स्पेरीने हात वर करून विमान नेलं आणि त्याचा मेकॅनिक चालत्या विमानाच्या पंखावर उभा राहिला. आमच्या भाच्याने याला साफ नकार दिलाय.

तांब्याची_तार:
हौशी रेडिओवाला आहे, म्हणून आधी रागावतो. शेडमध्ये अँटेना लावून बटण किती वेळा दाबलंत? विमानातल्या संचाचा एरो मोबाइल परवाना आलाय का? नसेल तर एकदाही दाबू नका. हरणीचा विमानतळ लांब नाही, आणि तुमची सहा वॅटची कुजबुज कुणाच्या कानात जाईल सांगता येत नाही.

आता मुद्दा. अँटेना काढा आणि तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी रेडिओची शक्ती जिरवणारा रोध) लावा. मग बटण दाबा. झटका गेला, तर तो हवेतून येत होता. राहिला, तर तारांतून, म्हणजे पुरवठ्यातून किंवा अर्थमधून येतोय. या एका चाचणीशिवाय बाकी सगळं अंधारात चाचपडणं आहे. लोड विकत घ्यायची गरज नाही. १ किलोओहमचे, २ वॅटचे कार्बन रोध वीस, समांतर. वायरवाउंड घेऊ नका, ती रोधाच्या वेषातली गुंडाळीच असते.

शील्डबद्दल: एका टोकाला अर्थ ही सवय ५० हर्ट्झच्या गुणगुणीसाठी अगदी बरोबर आहे. पण विमानाचा रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झला. १२०ला तरंगलांबी अडीच मीटर. एक टोक बांधलेली, दुसरं मोकळं अशी तार पाव तरंगाला वाजते, म्हणजे लहरी जोरात पकडते, आणि पावाच्या विषम पटींना. पाव म्हणजे साडेबासष्ट सेंटिमीटर, तीन पाव म्हणजे १ मीटर ८७. तुमच्या दोन्ही केबल किती लांब आहेत?

धागाकर्ता:
कबूल, तीन-चारदा दाबलं. भाच्याकडे स्वतःचा आरटीआर (रेडिओवर बोलायचा वैयक्तिक परवाना) आहे, पण संचाचा परवाना अजून यायचाय. पुन्हा नाही. आत्ता टेप लावून मोजलं. एलेरॉनची केबल १ मीटर ९०. एलेव्हेटरची अडीच मीटर.

तांब्याची_तार:
बघा. अडीच म्हणजे पाव तरंगाची सम पट, म्हणून ती गप्प. योगायोगही असू शकतो, केबलमध्ये तरंग थोडा आखूड होतो, पण मी पैज लावली असती. शील्डची दोन्ही टोकं बांधा. तीही शेपटीसारखी लांब तार काढून नाही, कनेक्टरच्या धातूच्या टोपणालाच सगळीकडून घट्ट. तुमच्या १२ व्होल्टच्या विमानात ५० हर्ट्झची गुणगुण आहेच कुठे?

आणि खरा चोर अँटेनाखालचा हाताएवढा पत्रा. पाव तरंगाच्या अँटेनाला खाली आरसा, म्हणजे पसरट धातू, लागतो. कापडाच्या विमानात तो नसतो, मग कोॲक्सची (अँटेनाच्या केबलची) बाहेरची जाळी स्वतःच अँटेना बनते आणि सगळ्या केबिनभर प्रसारण करत फिरते. पत्र्यापासून चार दिशांना तांब्याची पट्टी चिकटवा, प्रत्येकी साठ सेंटिमीटर. कोॲक्सवर अँटेनाशेजारी दोन-तीन फेराइटचे मणी.

निवृत्त_टेक्निशियन:
हवाई दलात होतो, म्हणून माझं जरा खडूस. वरच्यांचं बरोबर आहे, पण झटका सापडेपर्यंत दुसऱ्या दोन गोष्टी करून घ्या. एक, ऑटोपायलट धरलेला असताना दांडीला ताणकाटा अडकवून सर्वोची पकड किती किलोला घसरते ते मोजा आणि लिहून ठेवा. भाच्याला सर्वो एका हाताने हरवता आला पाहिजे, घाबरलेला असतानाही. दोन, दांडी दोन्ही टोकांपर्यंत नेऊन सर्वोच्या हाताचा कोन बघा. हात आणि त्याला जोडलेला दांडा सरळ रेषेत येत असतील तर एक दिवस तो पलीकडे जाऊन अडकेल, आणि ते झटक्यापेक्षा वाईट. आणि अर्थचा लग (तारेच्या टोकाची धातूची चकती) कुठे बांधलाय? नळीवर? रंग खरवडला होता का?

* * *

धागाकर्ता (चार दिवसांनी):
डमी लोड केला. दांडिया बाजारातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे रोध मिळाले, त्याने वीस मोजून दिले आणि 'काय टीव्ही लावताय का' म्हणून विचारलं. मीटरवर ४९.८ ओहम.

अँटेना काढून, लोड लावून बटण दाबलं. पाच अंशांची उडी गेली! मी टाळी वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात भाचा म्हणाला, मामा, एलेरॉनच्या टोकाला बोट लावून बघा. बारीक थरथर अजून होती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला कळत होती. म्हणजे मोठं दुखणं हवेतलं, लहान दुखणं तारेतलं.

लहान आधी धरलं, कारण ते माझ्या ओळखीचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरं सर्वोच्या अर्थला. नुसता संच चालू, तर काही नाही. बटण दाबलं की १८० मिलिव्होल्ट. बोलताना रेडिओ साधारण २ अँपिअर जास्त ओढतो, म्हणजे वाटेत ९० मिलिओहम. दोन फूट लांब जाड तारेत एवढा रोध असूच शकत नाही. टेक्निशियनसाहेबांचा प्रश्न आठवला. रेडिओ आणि सर्वो दोघांचं अर्थ एकाच लगमध्ये, आसनामागच्या नळीला, आणि लगखाली प्रायमर (रंगाचा पहिला थर) जसाच्या तसा. लावला होता मीच, स्क्रूच्या आट्यांवर भरवसा ठेवून. ज्युनियर मुलांना याच चुकीसाठी शिफ्ट संपल्यावर थांबवायचो मी.

आता फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) पितळी पट्टी बसवली, दोघांच्या वेगळ्या तारा तिथपर्यंत नेल्या. बटण दाबून ६ मिलिव्होल्ट. थरथर गेली. भाच्याने बोट लावून पास केलं.

शील्ड दोन्हीकडे बांधली. हात चालत नव्हता, खरं सांगतो, बत्तीस वर्षांची सवय. तांब्याच्या चार पट्ट्या छताच्या अस्तराखाली चिकटवल्या. समोरची एक पट्टी काचेच्या चौकटीमुळे पन्नासच्या पुढे जाईना, ती वळवून घेतली. अँटेना लावून खरी चाचणी परवाना आल्यावरच, तोवर लोड लावलेलाच ठेवलाय आणि बटणावर लाल टेप.

घसरण मोजली, दांडीच्या मुठीवर साडेचार किलो. सर्वोचा कोन ठीक, दोन्ही टोकांना बरीच जागा उरते.

एकच शंका उरली. ऑटोपायलट तोडायचं बटण आणि बोलायचं बटण दोन्ही मुठीवरच आहेत. पॅनेलवर ब्रेकर आहेच, हात पोचतो. पण मुठीवर कुठलं कुठे ठेवू? भाचा म्हणतो दोन्ही अंगठ्याखाली शेजारी-शेजारी, सोयीचं पडतं.

निवृत्त_टेक्निशियन:
अजिबात नको. बोलायचं बटण तर्जनीखाली, पुढच्या बाजूला. तोडायचं अंगठ्याखाली, एकटं. टोपी वेगळ्या आकाराची, खोलगट, म्हणजे चुकून दाबलं जाणार नाही पण अंगठा टेकताच ओळखू येईल. मग भाच्याला डोळे बांधून आसनात बसवा, तुम्ही मागून 'तोड' म्हणा आणि घड्याळ लावा.

तांब्याची_तार:
आणि पहिल्यांदा अँटेना लावून दाबाल तेव्हा एलेरॉनला बोट लावायला विसरू नका. पन्नासवर वळवलेल्या पट्टीची काळजी करू नका, चालून जाईल.

धागाकर्ता:
डोळे बांधायला मामीची ओढणी आणली. पहिला प्रयत्न चार सेकंद, आणि दाबलं बोलायचं बटण. मूठ उद्या पुन्हा खोलतोय.